दोन कळश्या चिल्लर

आमच्या घरात नोटा खर्चाला आणि नाणी कळशीत, असा नियम होता. तो आईनं केला होता आणि त्याला अपवाद नव्हता. अण्णांच्या शर्टाच्या खिशातून, माझ्या पर्सच्या तळातून, धुवायला भिजवलेल्या कपड्यांतून, कुठूनही नाणं निघालं की ते आईच्या हातावर ठेवायचं. ती ते पदरानं पुसायची आणि पितळी कळशीत टाकायची. कळशी गळ्यापर्यंत भरल्यावर तिनं दुसरी घेतली. दोन्ही कळश्या गिरणीच्या कट्ट्याखाली, भिंतीला लावून ठेवलेल्या असायच्या.

गिरणी म्हणजे पिठाची गिरणी. कोल्हापुरात पंचगंगेच्या अंगाला असलेल्या एका पेठेत, आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत. ती माझ्या आजोबांनी बसवली होती. आजोबा थकले तेव्हा घरात ठरलं की आता गिरणी विकून टाकायची. अण्णा शिरोलीला फाउंड्रीत कामाला होते, त्यांना वेळ नव्हता. तेव्हा लग्न होऊन दीड वर्ष झालेली माझी आई म्हणाली, "मी बसते." आजोबांनी विचारलं, "पट्टा निसटला तर काय करशील?" ती म्हणाली, "तुमी चढवता तसा चढवीन की." त्यानंतर तीस वर्षं तीच गिरणीवर बसते आहे. पट्टा चढवते, दगड गुळगुळीत झाला की छिन्नीनं त्याला टाकी लावते, जात्याचे खालचे-वरचे दगड एकटीनं उघडते. मोटरीच्या आवाजावर बोलून बोलून तिचा आवाज एवढा मोठा झालाय, की ती घरात साधं "चहा घे" म्हणाली तरी समोरच्या घरातली माणसं खिडकीत येतात.

गिरणीत चिल्लर फार लागते. दोन किलो ज्वारी, पायलीभर गहू, पावशेर मेथ्या-डाळींचं मिश्रण. कुणाचे सतरा रुपये होतात, कुणाचे तेवीस. आमच्या आसपासची दुकानं सुट्ट्याऐवजी गोळ्या-चॉकलेटं द्यायची. आईनं ते कधीच केलं नाही. "लोकाचा रुपाया आपून गोळी देऊन घ्याचा व्हय?" असं म्हणायची. सकाळी गल्ल्यात मूठभर नाणी घेऊन बसायची, संध्याकाळी मोटर बंद झाली की तेवढीच मूठ उद्यासाठी बाजूला काढायची आणि उरलेली सगळी कळशीत. नाण्यांना पीठ लागलेलं असायचं. त्यामुळे आमच्या कळशीला ज्वारीचा वास यायचा.

ही चिल्लर कशासाठी साठवतेस, असं मी लहानपणी पुष्कळदा विचारलं. तिचं उत्तर एकच, "असू दे की." अण्णा फारसं बोलणारे नव्हतेच. त्यांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

मग मध्येच कधीतरी दहाच्या नाण्यांची भानगड सुरू झाली. दहाचं नाणं खोटं आहे, ते आता बंद होणार, अशी अफवा उठली आणि दुकानदारांनी ते घेणं सोडून दिलं. रिक्षावाला घेईना, दूधवाला घेईना, भाजीवालीही नको म्हणू लागली. त्या दिवसांत एक म्हातारी माळीण आमच्याकडे ज्वारी दळायला आली होती. ती टोपलीत मेथी-पोकळा घेऊन गल्लीबोळांत फिरायची. तिच्या कनवटीला दहाची चौदा-पंधरा नाणी होती. सकाळपासून ती दुकानं फिरली होती, कुणीच घेत नव्हतं.

"वैनी, ह्येवढंच हाय बगा माझ्याकडं," ती म्हणाली. "चालत न्हाय म्हंत्यात. दळान तसंच ठेवू काय?"

आईनं मोटर बंद केली. ती सहसा मधेच मोटर बंद करत नाही, म्हणून मला तो क्षण लक्षात आहे. तिनं एक नाणं हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं.

"ह्येच्यावर सरकारचा छाप हाय. मी कोण न्हाय म्हणणारी? आना हिकडं."

दळणाचे पैसे कापून तिनं म्हातारीला बाकीच्या नाण्यांच्या बदल्यात नोटा दिल्या. दुसऱ्या दिवशी म्हातारीनं ही गोष्ट मंडईत सांगितली असणार, कारण आठवडाभरात आमच्या दारात लोक दळण नसतानाही यायला लागले. कुणी दहा नाणी आणायचं, कुणी वीस. आई हातात असतील तेवढ्या नोटा द्यायची आणि नाणी ठेवून घ्यायची. दुसरी कळशी भरली ती अशी. पहिल्या कळशीला पंधरा वर्षं लागली होती, दुसरी दोनेक वर्षांत भरली.

त्या वेळी अण्णा एकदाच म्हणाले, "एवढं कोण घेणार हाय आपल्याकडनं?"

"घेतील की कवातरी," आई म्हणाली.

आता एक गोष्ट सांगते, ती सांगायला मला अजून जड जातं. माझं एम.ए. संपलं आणि वारणानगरला एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर जागा निघाली. मुलाखतीला बोलावलं. माझ्याकडे धड सँडल नव्हती. आई म्हणाली, "चल, घेऊया." आम्ही दोघी महाद्वार रोडला एका चपलांच्या दुकानात गेलो. दुकानात गर्दी होती. माझ्या कॉलेजातल्या दोन मुलीही तिथंच होत्या. सँडल पसंत पडली, आणि आईनं पदराखालून खादीची पिशवी काढून काउंटरवर ठेवली. त्यात सगळी दहाची नाणी होती.

दुकानदार पिशवीकडे बघून हसला. म्हणाला, "मावशी, कुठल्या देवळाबाहेर बसता?"

दोन-चार जण हसले. आई शांतपणे म्हणाली, "देवळाबाहेर न्हाय, गिरणीवर बसते. पीठ लागलंय बगा. मोजा की. धा न् धा वीस, त्येवढं येत असंलच तुमास्नी."

आता लोक त्याला हसले. त्यानं मुकाट्यानं नाणी मोजली, एकही परत केलं नाही. पण मी त्या मुलींकडे बघत होते. आईचं उत्तर माझ्या मनापर्यंत पोचलंच नाही, मला फक्त काउंटरवर पसरलेली पिठाळ नाणी दिसत होती. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "परत माझ्याबरोबर ही पिशवी घेऊन येऊ नकोस. मान खाली जाते माझी."

बिंदू चौकापर्यंत आम्ही चालत आलो. मग तिनं एवढंच विचारलं, "पायाला लागत न्हाय न्हवं?"

कितीतरी दिवसांनी अण्णांकडून कळलं, की तोवर आईनं त्या कळशीतलं एक नाणंही खर्चाला काढलं नव्हतं. माझ्या पहिल्या मुलाखतीसाठी तिनं ती पहिल्यांदा हात घालून उपसली होती.

नोकरी मला मिळाली. वारणानगरला खोल्या महाग, म्हणून मी जवळच कोडोलीत एका शेतकरी कुटुंबाच्या माडीवर खोली घेतली. शनिवारी घरी यायचं, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जायचं. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात पंचगंगा अशी काही फुगली, की सोमवारी मी घरून निघाले आणि बुधवारी कोल्हापूरकडे येणारा रस्ताच बंद झाला. तिकडे अण्णा फाउंड्रीत अडकले, कारण शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं होतं. घरात आई एकटी होती.

दुपारी तिचा फोन आला. मागे पावसाचा आणि माणसांचा गलका होता. "पाणी गल्लीच्या तोंडाला आलंय. मी शाळेत चालले, सगळी चाललीत. तू हिकडं येऊ नको." मी विचारलं, "घरातलं काय काय घेतलंस?" ती म्हणाली, "घेते की," आणि फोन ठेवला. संध्याकाळी तिचा फोन बंद लागला. पुढचे पाच दिवस तो बंदच होता. ती सुखरूप आहे हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही शाळेतल्या एका शिक्षकांनी त्यांच्या फोनवरून कळवलं म्हणून.

पाणी उतरायला लागल्यावर एका मदतीच्या ट्रकमधून मी कोल्हापुरात आले. ट्रकमध्ये चादरी, बिस्किटं आणि गव्हाची पोती होती. आमच्या गल्लीत गुडघाभर गाळ होता. दारांवर, विजेच्या डब्यांवर, भिंतीवरच्या कॅलेंडरांवर चिखलाची एकसारखी रेघ उमटली होती. घराच्या दारात आई उभी होती. साडी वर खोचलेली, हातात खोरं. मला बघितल्यावर ती म्हणाली, "चप्पल काढ. गाळात रुतून तुटंल."

मी तिला मिठी मारली. ती गाळानं भरलेले हात लांब धरून उभी राहिली.

समोरच्या काकू त्यांच्या गॅलरीतून बघत होत्या. आईनं त्या दुपारी काय केलं ते त्यांनीच मला सांगितलं. आईनं स्वतः सांगितलं नसतं. गिरणीत लोकांचे तेवीस डबे होते. काही दळलेले, काही दळायचे. डब्यांवर ऑइलपेंटनं लोकांची आडनावं लिहिलेली असतात. पाणी उंबऱ्याला लागल्यावर आईनं आधी ते डबे उचलले. एकेक डबा डोक्यावर घेऊन, आधी घोट्याएवढ्या आणि मग गुडघ्याएवढ्या पाण्यातून ती समोर काकूंच्या माडीवर नेऊन ठेवत होती.

"मी वरनं वराडत हुते, अगं तुझं कपाट रिकामं कर, तुझी गादी घे," काकू सांगत होत्या. "ती म्हंती, लोकाचं धान्य हाय, त्यास्नी काय सांगू? शेवटचा डबा ठिवला तवा पानी कमरंला लागलं हुतं. मग मीच तिला वर वढली. परत खाली जाऊच दिली न्हाय. सांजच्याला बोट आली, तवा समदी शाळंत गेलो."

तेवीसही डबे कोरडे राहिले. आमचं कपाट मात्र पाच दिवस पाण्यात होतं. त्यात आईचे नऊ हजार रुपये होते, कापडात गुंडाळलेले. आम्ही ते बाहेर काढले तेव्हा नोटांचा लगदा झाला होता. त्यातल्या काही नंतर वाळवून चालल्या, पण त्या घडीला त्यांचा काही उपयोग नव्हता. वीज नव्हती, एटीएम बंद होती, मोबाइल चार्ज होत नव्हते. ज्यांचे पैसे खात्यात होते त्यांनाही ते हातात मिळत नव्हते. गल्लीत सगळ्यांची तीच गत होती.

आई मधल्या खोलीतला गाळ सोडून गिरणीत शिरली. कट्ट्याखाली हात घालून चाचपायला लागली. मला वाटलं, हत्यारं शोधते आहे.

"हायत," ती म्हणाली. "दोन्ही हितंच हायत."

घरातला फ्रीज तरंगत जाऊन मोरीत आडवा पडला होता. लाकडी पेटी कुठं गेली ते आजतागायत कळलेलं नाही. पण कळश्या जागच्या हलल्या नव्हत्या. दोघींनी मिळून एकेक बाहेर ओढली. वर गाळाचा थर होता, खाली सगळी नाणी. आई गाळातच बसली आणि हसायला लागली. मी तिला एवढं मोठ्यानं हसताना फार वेळा बघितलेलं नाही.

आम्ही कळश्या हातगाडीवर घालून शाळेत नेल्या, कारण टँकरचं स्वच्छ पाणी तिथं होतं. टँकरच्या नळाखाली चाळणीत घालून नाणी धुतली. गल्लीतल्या आणखी दोन बायका मदतीला बसल्या. व्हरांड्यात चादरी पसरून त्यावर नाणी वाळत घातली. आईनं पाचची, दहाची, दोनची वेगळी केली. रुपयाची पोरांनी ओळखून ओळखून वेगळी काढली. सगळी मिळून पंचवीस हजारांच्या वर भरली. आकडा सांगते आहे, कारण मला तो खोटाच वाटला होता. मी दुसऱ्यांदा मोजायला लागले तर आई म्हणाली, "बास की आता. मी भरलीत, मला म्हायीत हाय."

दुसऱ्या दिवशी आमचा किराणावाला शाळेत आला. त्याचं दुकान नुकतंच उघडलं होतं. त्यानं ट्रकभर माल मागवला होता, पण गिऱ्हाइकाला द्यायला सुट्टे नव्हते. आईच्या नाण्यांची बातमी त्याच्या कानावर गेली होती. वर्षभरापूर्वी त्यानंच माझ्या हातातलं दहाचं नाणं परत केलं होतं.

"वैनी, थोडी धाची नाणी द्या की," तो म्हणाला. "नोटा घ्या पायजे तर."

"आता चालतंय व्हय?" आईनं विचारलं.

तो कानकोंडा झाला. आईनं त्याला दोनशे नाणी दिली आणि म्हणाली, "नोटा घेते, पन म्हाताऱ्या मानसांनी दिल्यालं परत करायचं न्हाय हितनं फुडं." तो "व्हय व्हय" म्हणाला. तो ते पाळतो, हे मी नंतर बघितलं आहे.

शाळेत तोवर साडेतीनशे-चारशे माणसं राहत होती. मदत येत होती, पण गहू येत होता, पीठ येत नव्हतं. कुठल्या कुठल्या गावांतून लोक पोती पाठवत होते आणि पोती वर्गात रचून पडली होती. आसपासच्या सगळ्या गिरण्या बुडाल्या होत्या. आठ दिवस लोक सकाळ-संध्याकाळ भात आणि बिस्किटं खात होते. लहान पोरं भाकरी मागत होती. आई पोत्यांकडे बघत होती, हे मला दिसत होतं. मग ती मला म्हणाली, "मोटर काढाय पायजे."

अण्णा तोवर परतले होते. ते, मी आणि गल्लीतले दोघे, आम्ही मोटर बोल्ट खोलून काढली आणि हातगाडीवर घातली. आई पुढं, मी मागं, अण्णा बाजूला, आणि मोटरीशेजारी नाण्यांची दोन गाठोडी. असे आम्ही उद्यमनगरला निघालो. रस्त्यानं लोक बघत होते. माझ्या ओळखीची माणसंही त्यात होती. या वेळी मी खाली बघितलं नाही.

मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या, म्हणजे भिजलेल्या-जळलेल्या मोटरीत नवी तार भरून देणाऱ्या चाचांकडे आमचे आजोबाही जायचे. त्यांच्या शेडच्या बाहेर रस्त्यापर्यंत मोटरी रचल्या होत्या. शेतातले पंप, लेथ, गिरण्या, सगळं पुरातून आलेलं. चाचा आणि त्यांचे दोन्ही मुलगे तांब्याच्या तारांत बुडाले होते. त्यांनी आईला बघून मान हलवली.

"वैनी, पंधरा दिवस. खोटं बोलत न्हाय. ह्यो ढीग बगा. आनि तारवाला उधार देईना, आधी रोख टाका म्हंतोय. लोकांकडं रोख न्हाय, मी तरी काय करू?"

आईनं गाठोडं सोडलं.

चाचा नाण्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ही सगळी?"

"गिरणीचीच हायत. रोखच हाय. चाचा, शाळंत गव्हाची पोती पडल्यात आनि पोरं भाकर भाकर करत्यात. माझी मोटर आधी झाली तर चारशे मानसं जेवतील. न्हायतर तुमचा नंबर लावा, मी पंधरा दिसांनी येते."

तिनं विनवणी केली नाही. जे होतं ते सांगितलं. चाचांनी थोरल्या मुलाला हाक मारली. "हातातलं ठेव. ही घे." मग आईला म्हणाले, "मोजलंय न्हवं तुमी?"

"मोजलंय."

"मग मी मोजत न्हाय."

मुलगा एक गाठोडं घेऊन तारवाल्याकडे गेला. त्या वेळी तारवालाही सुट्ट्यावाचून अडला असणार, कारण मुलगा तासाभरात तार घेऊन परत आला. चाचांनी मजुरी निम्मीच घेतली. आईनं पूर्ण घ्या म्हणून वाद घातला, तर ते म्हणाले, "चारशे मानसं तुमी एकटीनंच जेवू घालनार व्हय?" आईनं उरलेली नाणी परत बांधली. बेअरिंग, स्टार्टर आणि नवा पट्टा याच पैशांत आला.

मोटर होईपर्यंत दोन दिवस आई घरी जातं उघडून बसली. दगडाच्या खाचांत गाळ घट्ट बसला होता. तिनं तो ब्रशनं, मग काडीनं, मग पाण्याच्या पाइपनं काढला. दगड उन्हात वाळवले. मग छिन्नी-हातोडी घेऊन टाकी लावली. ठक् ठक् आवाज गल्लीभर ऐकू येत होता. लोक आपापल्या घरातला गाळ काढताना थांबून बघायचे आणि विचारायचे, "वैनी, चालू व्हनार काय?" आई हातोडी न थांबवता म्हणायची, "परवा."

तिनं सांगितलेल्या परवाला वीज आली. थ्री फेज आली की नाही ते बघायला अण्णा खांबापाशी उभे होते. मोटर बसवली, पट्टा चढवला. आईनं स्टार्टरला नमस्कार केला आणि बटण दाबलं. मोटर आधी गुरगुरली आणि मग लागली. गल्लीतली माणसं हातातली खोरी टाकून दाराशी आली. काकूंनी माडीवरून टाळ्या वाजवल्या. पहिल्या दोन पायल्यांच्या पिठात कच येत होती, ते पीठ आईनं म्हशींसाठी बाजूला काढलं. तिसऱ्या पायलीचं पीठ तिनं चिमटीत धरलं, जिभेवर ठेवलं, आणि म्हणाली, "आना पोती."

त्या दिवशी सकाळी नऊपासून अंधार पडेपर्यंत गिरणी चालली. मोटर तापली की अर्धा तास बंद, मग पुन्हा. शाळेत बायकांनी चुली मांडल्या होत्या. दुपारी मी पिठाचं पहिलं पोतं घेऊन गेले, तर एका बाईनं पोत्यात हात घातला आणि तसाच ठेवला. "ऊन हाय," ती म्हणाली. ताजं पीठ गरम असतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. संध्याकाळी चपात्या झाल्या. शाळेतल्या शिक्षकांपासून आमच्या किराणावाल्यापर्यंत सगळे पंगतीला बसले.

दुसऱ्या दिवसापासून लोक आपापल्या वाट्याचा गहू घेऊन दारात यायला लागले. त्यांनी पैसे पुढं केले, तर आईनं घेतले नाहीत. एक माणूस हट्टालाच पेटला. आई त्याच्यावर ओरडली, "ज्यांनी गहू धाडला त्यांनी तुमच्याकडं पैसं मागितलं काय? मग मी दळनाचं कुठल्या तोंडानं घेऊ? घ्या डबा, चला फुडं." शाळेतली माणसं घरी परतेपर्यंत, जवळजवळ दोन आठवडे, तिनं मदतीच्या धान्याच्या दळणाचे पैसे घेतले नाहीत. नेहमीचं दळण सुरू झालं तेव्हाच गल्ला उघडला.

त्या दोन आठवड्यांत मी रजा टाकून तिच्याबरोबर गिरणीवर बसले. केसांत, भुवयांत, पापण्यांत पीठ. कॉलेजातल्या माझ्या सहकारी बाई मदत वाटायला आल्या होत्या, त्या मला ओळखेनात. मी त्यांना म्हणाले, "ही माझी आई. ही गिरणी तिची आहे." मग सँडलच्या दुकानातली गोष्ट मी आईपाशी काढली. म्हणाले, "आई, त्या दिवशी मी चुकले." आई सुपातलं धान्य ढकलत होती. म्हणाली, "मला तवाच कळलं हुतं, तुला बरं वाटलं न्हाय. पोरींच्या फुड्यात आई अशी पिशवी काढती म्हटल्यावर कुनाला बरं वाटंल? जाऊ दे. त्यो डबा हिकडं घे."

मी डबा पुढं सरकवला.

सगळा खर्च होऊन कळशीच्या तळाला दोन-अडीच हजार उरले. मी म्हटलं, पुन्हा साठव. आई म्हणाली, "ह्यातलं थोडं आपल्याला." आई-अण्णा लग्नानंतर कधी दोघांनी म्हणून बाहेरगावी गेले नव्हते, गिरणीला सुट्टी नसते. दिवाळी झाल्यावर एका गुरुवारी आईनं दाराला कुलूप लावलं, खडूनं "आज बंद" असं लिहिलं, आणि आम्ही तिघं गाडीनं नृसिंहवाडीला गेलो. दर्शन झालं. घाटावर बसलो. तिथं आमची पंचगंगा कृष्णेला मिळते. हिवाळ्यातलं स्वच्छ, शहाण्यासारखं पाणी होतं. आई बराच वेळ त्याकडे बघत होती. मग तिनं खाली वाकून दोन हातांनी पाणी घेतलं आणि तोंडावर मारलं.

"राग न्हाय माझा," ती नदीला म्हणाली की आम्हाला, ते मला कळलं नाही.

मग आम्ही बासुंदी खायला एका हॉटेलात गेलो. हॉटेलचा मालक गप्पिष्ट होता. वाट्या मांडता मांडता त्यानं अण्णांना विचारलं, "पावणं, कुठलं म्हनायचं?"

अण्णा आजवर असल्या प्रश्नाला "कोल्हापूर" एवढंच उत्तर द्यायचे. फार तर फाउंड्रीचं नाव सांगायचे.

"कोल्हापूरचं," ते म्हणाले. आणि मग, कुणी काही विचारलेलं नसताना, त्यांनी आईकडे हात केला. "हिची गिरणी हाय. पुरात सगळं बुडाल्यावर आमच्या भागातली पयली गिरणी हिनं चालू केली. चारशे मानसं जेवली."

मालक हातातलं भांडं धरून आईकडे बघत राहिला. आईनं मान खाली घातली. आजवर अण्णा तिच्याबद्दल एवढं सलग बोललेलं मी ऐकलं नव्हतं, आणि बहुतेक तिनंही नसावं. ती बासुंदी ढवळत राहिली. मग तिच्या त्या गिरणीवरच्या आवाजात, सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "आनि एक वाटी आना. ह्यास्नी."